तीन तारा खाणारा टॉर्च

आमच्या दुकानात बोट दाखवलं आणि टॉर्च उचलला, असं होत नाही. आधी गिऱ्हाइकाने मागच्या कोठीत जायचं. कोठी म्हणजे सहा पावलं लांब, दोन पावलं रुंद, बिनखिडकीची जागा. दार लावलं की भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. तिथे एका भिंतीवर मी लाल, तपकिरी, केशरी आणि जांभळ्या वायरी खिळ्यांना बांधून ठेवल्यात. शेजारी औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद डकवलाय. फरशीवर एक स्क्रू टाकून ठेवलेला असतो, रोज वेगळ्या जागी. टॉर्च घ्या, आत जा, वायरी ओळखा, कागद वाचा, स्क्रू शोधून आणा. जमलं तर टॉर्च तुमचा, नाही तर दुसरा घेऊन पुन्हा आत. दुकान वडिलांचं, पण कोठीची शिस्त माझी.

लोक म्हणतात बाई फटकळ आहे. आहेच. कोणी काउंटरला टेकून “सगळ्यात जास्त उजेडाचा द्या” म्हणाला की माझं डोकं फिरतं. उजेड काय किलोवर घ्यायचा असतो? मी तीन प्रश्न विचारते. ठेवणार कुठे, वापरताना दुसरा हात मोकळा असेल का, आणि बघायचं काय? नर्सबाईंना पेशंटचा घसा बघायचा असतो, त्यांना मंद, पिवळसर, पसरट उजेड लागतो. नळवाल्याला बेसिनखाली दोन्ही हात लागतात, त्याला टोपीच्या कडेला अडकणारी क्लिप हवी. आणि कोणीही असो, रोज खिशात राहायचा टॉर्च अंगठ्याएवढा असावा, एकाच बटणावर चालावा आणि पहिल्या दाबात मंद लागावा. जड टॉर्च दोन दिवस खिशात राहतो, तिसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये जातो, आणि मग त्याचा उजेड ड्रॉवरलाच. वीस वर्षांत माझ्या हातून गेलेला टॉर्च परत आला नव्हता. याचा मला माज होता, सरळच सांगते.

तो माज लिफ्टच्या मिस्त्रींनी उतरवला.

मिस्त्री सत्तावन्न वर्षांचे. लिफ्ट दुरुस्त करणं आणि तपासणं यात एकतीस वर्षं काढलेली, निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती. माणूस इतका नेटका की शर्टाच्या खिशात पेन, मोजपट्टी आणि प्रत्येक वस्तूचं गॅरंटी कार्ड घडी न मोडता असायचं. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांनी न अडखळता दिली. छातीच्या खिशात ठेवणार. एक हात कठड्याला धरलेला असणार. आणि बघायचे ते दोर.

लिफ्ट पोलादी दोरांवर लटकते, हे मलाही माहीत होतं. पण तो दोर म्हणजे बारीक तारांचे पेड एकमेकांभोवती पिळलेले असतात, आणि झिजत झिजत त्यातली एकेक तार तुटत जाते, हे मिस्त्रींनी सांगितलं. लिफ्टच्या टपावर चढायचं, लिफ्ट सावकाश चालवायची आणि समोरून सरकणाऱ्या दोरावर टॉर्च धरून तुटक्या तारा मोजायच्या. एका पिळात ठरलेल्या आकड्याच्या वर गेल्या की दोर बदलायचा. खाली असल्या तर कागदावर सही करायची. “ब्रेक असतात की हो,” मी म्हटलं. “असतात. पण ब्रेकच्या भरवशावर दोर तपासायचा नसतो,” ते म्हणाले. मला माणूस आवडला. मी त्यांना एका सेलवर चालणारा, पसरट उजेडाचा छोटा टॉर्च दिला. कोठीत जाऊन आले, खूश होऊन गेले.

महिन्याभरात परत. “ताई, याचा उजेड पिवळा पडतो.”

मी पांढऱ्या उजेडाचा दिला. पाच आठवड्यांनी तोही परत. “याच्या उजेडाभोवती कडं दिसतं.” मी जास्त ताकदीचा, झोताचा दिला. तो परत. “दोरावर पडला की उजेड फुटतो. सगळं पांढरं होऊन जातं.” मी आणखी ताकदीचा दिला. माझी आत्या दिवसभर दुकानात स्टुलावर बसून जुने-नवे सेल निवडत असते. चौथ्या खेपेला तिने त्यांचं नाव ‘परतवाले’ ठेवलं. मीही ते गेल्यावर मोठ्याने म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. राग आला की मला म्हणी सुचतात.

चौथ्या खेपेला मिस्त्रींनी हातभर लांबीचा जुन्या दोराचा तुकडाही आणला होता. “तुमच्या कोठीतल्या वायरी म्हणजे खेळ आहे. हा लटकवा. एका लिफ्टचा उतरवलेला दोर आहे. दोन वर्षांपूर्वी मीच मोजला होता, यात सात तारा तुटल्यात. ज्या टॉर्चमध्ये सात दिसतील तो मी घेईन.” मी वायरींशेजारी दोर लटकवला. ते आत गेले, बराच वेळ थांबले आणि बाहेर येऊन म्हणाले, “हा टॉर्च चार दाखवतो. तीन खातो.”

तारा खाणारा टॉर्च मी जन्मात ऐकला नव्हता. तरी मी मुकाट्याने पाचवा काढला, दुकानातला सगळ्यात प्रखर. त्याच्यावर ते कसेबसे तयार झाले.

पाचवा घेऊन ते गेले त्याला तीन महिने झाले. मला वाटलं, सुटले. एका बुधवारी सकाळी दुकान उघडलं तर मिस्त्री पायरीवर.

“परवा अकरा मजली इमारतीची तपासणी आहे,” ते म्हणाले. “चार दोर. त्याआधी एक धड टॉर्च द्या. हा तर डोळेच दिपवतो. समोरून कोणी गाडीचा दिवा मारावा तसं होतं.”

मी तोंड उघडणार होते, आणि जे बोलणार होते ते बरं नव्हतं. तेवढ्यात आत्या स्टुलावरून म्हणाली, “मलाही रस्त्यावरच्या दिव्यांना कडं दिसायचं. केवढं मोठं. डॉक्टरांनी डोळ्यावरचा पडदा काढला तेव्हा गेलं. पहिल्या दिवशी मी घरातल्या भिंती बघून म्हटलं, रंग कधी दिला?”

आत्या आता सांगते की तिनेच ओळखलं. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही, कारण तिला बोलताना स्वतःच्या डोळ्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. डोक्यात उजेड पडला तो माझ्या. पिवळा उजेड, कडं, फुटणारा उजेड, दिपणारे डोळे. पाच टॉर्च वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या ताकदीचे, आणि तक्रार एकच. मी वीस वर्षं तीन प्रश्न विचारत आले, पण बघणारा कोण आणि त्याला दिसतं किती, हे एकदाही विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वरून मी त्यांना दर खेपेला जास्त उजेड विकला होता, आणि त्या उजेडाने त्यांना आणखीच कमी दिसत होतं.

परवा हा माणूस अकरा मजली इमारतीवर चढणार होता, चार दोर बघणार होता आणि कागदावर सही करणार होता.

“मिस्त्री, आज टॉर्च मी निवडत नाही,” मी म्हटलं. “तुम्ही निवडा. कपाटातला कुठलाही. आत मीही येते.”

त्यांनी नीट बघून सगळ्यात महागाचा उचलला. आम्ही कोठीत गेलो, दार लावलं. त्यांनी दोरावर झोत टाकला, नाक दोराजवळ नेलं, एकेका पिळावरून नजर उतरवली. “चार,” ते म्हणाले.

“दुसरा घ्या.”

दुसऱ्यात पाच झाल्या, मग परत मोजल्यावर चारच. तिसऱ्यात चार. “हेही खातात,” मिस्त्री म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा चढला होता.

सेलचं अख्खं खोकं घेणाऱ्याला मी एक चिमुकला टॉर्च फुकट देते, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा, नखाएवढा. त्याला मी टॉर्च म्हणत नाही, लाज वाटते. तो मी पेटवला, दोराला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. आडव्या उजेडात तुटक्या तारेचं टोक वर उचललेलं असतं त्याची सावली पडते. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. वरच्या अर्ध्यात चार झाल्या. खालच्या अर्ध्यात एक पेडाच्या खाचेत, एक मागच्या बाजूला, एक अगदी टोकाशी. सात.

“तुम्ही आडवा धरलात म्हणून,” मिस्त्री म्हणाले.

“मग धरा आडवा.”

त्यांनी धरला. मोजलं. पुन्हा मोजलं. “चार,” ते म्हणाले, पण या वेळी तो आकडा त्यांनी मला नाही, दोराला सांगितला.

मी परक्या माणसाचा हात धरत नाही. त्या दिवशी धरला. त्यांचं बोट घेऊन खाचेतल्या तारेवर टेकवलं. “हे काय आहे?” बोट मागच्या बाजूला नेलं. मग टोकाशी. टोक बोचलं असणार, पण त्यांनी हात ओढून घेतला नाही. एकतीस वर्षांत त्या बोटांना तार म्हणजे काय हे शिकवायची गरज उरली नव्हती.

“या तुम्ही वाकवल्यात,” शेवटी ते म्हणाले.

“मिस्त्री, तुमच्या दोराला मी झाडूसुद्धा लावला नाही. टॉर्च तारा खात नाही. तुमचे डोळे खातात.”

बोलून गेले आणि वाटलं, हे जरा हळू सांगता आलं असतं. पण मला हळू येत नाही.

“मी दोरावर फडकंही फिरवतो,” मिस्त्री म्हणाले. “तुटकी तार असली तर फडकं अडकतं.”

“खाचेतली अडकते?”

उत्तर माझ्यापेक्षा त्यांनाच पक्कं माहीत होतं. दार उघडून ते बाहेर आले. उजेडात डोळे बारीक करून थोडा वेळ उभे राहिले. आत्या म्हणाली, “चौकातला डोळ्यांचा डॉक्टर चांगला आहे. नऊला उघडतो. बाई जरा बडबडी आहे थेंब घालणारी, पण हात हलका.” मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलंही नाही. टॉर्च न घेता ते पायऱ्या उतरून गेले.

ते गेल्यावर मी टेलिफोन पुढ्यात ओढला. त्यांच्या कंपनीचा नंबर शोधणं अवघड नव्हतं, लिफ्टमध्ये पाटीवरच असतो. एक फोन केला की काम झालं. पण तो फोन म्हणजे एका माणसाच्या पोटावर पाय, तोही निवृत्तीला चौदा महिने उरलेले असताना. आणि नाही केला तर अकरा मजल्यांची माणसं. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, “उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघ. माणूस नेटका आहे. नेटक्या माणसाला आधी राग येतो, मग अक्कल. तुझ्यासारखं नाही.”

“माझ्यासारखं म्हणजे?”

“तुला दोन्ही एकदम येतात आणि भांडतात.”

मी ठरवलं, उद्या संध्याकाळी सहापर्यंत. सहा वाजून एक मिनिटाने मी फोन करणार.

गुरुवारी बारा वाजता मिस्त्री आले. चालण्यात कालचा ताठा नव्हता, पण वाकलेलेही नव्हते. आत्याने पायाने दुसरं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते बसले.

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,” ते म्हणाले. “उजवा तर पुरता पिकलाय. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? मी काय सांगणार, टॉर्च बदलत होतो?”

आत्या हसली. मग मिस्त्रीही थोडे हसले, आणि माझ्या छातीवरचा धोंडा बाजूला झाला. पुढच्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन, महिन्याने दुसऱ्याचं. उद्याच्या तपासणीला दुसरे मिस्त्री जाणार होते, तसं त्यांनी सकाळीच कंपनीत कळवलं होतं. ऑपरेशनसाठी रजा आहे म्हणून सांगितलं होतं. सगळं सरळ झालं. मला तर वाटलं, आता पेढे, नाही तर निदान चहा तरी मागवावा. मी माझी पाठ मनातल्या मनात थोपटूनही घेतली.

मिस्त्रींनी खिशातून गॅरंटी कार्डं काढली. पाच. काउंटरवर एका ओळीत मांडली. मग डोळ्यांशी धरून बघितलं, जमेना, तेव्हा पहिलं माझ्याकडे सरकवलं. “तारीख वाचा ताई. पहिला टॉर्च कधीचा?”

मी वाचली. आठ महिन्यांपूर्वीची.

“म्हणजे उजेड पिवळा पडायला लागला त्याला सात महिने तरी झाले.” त्यांनी दुसऱ्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्या बायकोच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता, काल बसून लिहून घेतलेला. “या सात महिन्यांत मी तेवीस लिफ्टवर सह्या केल्यात.”

मला काय म्हणायचंय ते मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, “पण काही झालं नाही ना कुठे? मग कशाला उकरताय? ऑपरेशन होऊ दे, नंतर तुम्हीच हळूहळू परत बघून घ्या. कोणाला कळतंय?”

हे मी म्हणाले. पुसून टाकता आलं असतं तर टाकलं असतं. त्यांच्या भल्यासाठी म्हणाले असं मला वाटलं, पण त्यात माझीही कातडी होती. ते पाच टॉर्च माझ्या दुकानातून गेले होते. प्रत्येक वेळी माणूस परत आला आणि मी त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघितलं, तोंडाकडे नाही.

मिस्त्री चिडले नाहीत. “सात होत्या, मला चार दिसल्या,” ते म्हणाले. “त्या सात होत्या हे मला आधीच ठाऊक होतं म्हणून कळलं तरी. तेवीस लिफ्टमध्ये किती दिसल्या नाहीत ते मला कसं कळणार? उद्यापासून चढेन आणि बघेन म्हटलं तरी दोन महिने डोळ्यांना पट्टी. तोवर लोक रोज वर-खाली जातात.”

“तुमची चौकशी लागेल.”

“लागेल.”

“चौदा महिने राहिलेत, मिस्त्री. एकतीस वर्षांच्या कामावर शेवटी हाच शेरा बसेल.”

“बसू दे. खरा असेल. मला दिसत नव्हतं आणि मी टॉर्चला शिव्या देत होतो. रोज सही करताना पेनाचं टोक कागदावर कुठे आहे ते शोधायला लागायचं, तेव्हाच कळायला हवं होतं. कळत होतं थोडं. बायको म्हणाली होती दाखवून या, तिच्यावर खेकसलो.” त्यांनी पाचही कार्डं पुन्हा सारखी केली. “भीती वाटत होती ताई. वर चढायचं बंद झालं की मी कोण?”

मी टेलिफोन त्यांच्यासमोर ठेवला. नंबर त्यांना पाठ होता, बोटांनी चाचपून त्यांनी तो लावला. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, मध्ये गिऱ्हाईक नको म्हणून.

“साहेब, मी बोलतोय,” मिस्त्री म्हणाले. “रजेचं कारण सकाळी अर्धंच सांगितलं. उरलेलं ऐका आणि लिहून घ्या. मला सात महिने नीट दिसत नव्हतं. त्या काळात मी सही केलेल्या तेवीस लिफ्ट आजच्या आज बंद करून पुन्हा तपासायला हव्यात. हो, आजच. नाही, कोणी सांगितलेलं नाही, मीच सांगतोय. पत्ते देतो.”

पलीकडून मोठा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मिस्त्रींनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग कागद माझ्याकडे दिला. “तुम्ही वाचा. मी सांगतो तिकडे.”

मी एकेक पत्ता वाचत गेले, ते फोनमध्ये सांगत गेले. चार झाले, पाच झाले. आठव्या पत्त्यावर मी थांबले. आमच्याच रस्त्याच्या टोकाचा दवाखाना. पाचव्या मजल्यावर गुडघ्यांचे व्यायाम करून घेणारी बाई बसते, आणि गेले पाच महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी आत्याला हाताला धरून त्या लिफ्टमध्ये चढवत होते.

मिस्त्रींनी मान वर केली. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसणार, पण शांतता ऐकू आली. “काय झालं? कुठला पत्ता?”

मी वाचला. त्यांना आत्याचं ठाऊक नव्हतं. “आत्या तिथेच जाते,” मी म्हटलं, तेव्हा त्यांना उमगलं. फोन कानाशी तसाच राहिला आणि त्यांचा दुसरा हात काउंटरच्या कडेवर घट्ट झाला.

आत्याने हातातले सेल खाली ठेवले. त्यांच्याकडे पूर्ण वळून बसली.

“सांगा त्यांना,” ती म्हणाली. “थांबू नका. उद्या मी जिन्याने जाईन.”

मिस्त्रींनी तो पत्ता फोनमध्ये सांगितला, मजल्यांसकट, आणि मला म्हणाले, “नववा वाचा.”